मागाच्या पोटातील आज्ञा

सोलापुरी चादर उलगडली की तिच्या टोकाशी पुष्कळदा कारखान्याचे नाव विणलेले आढळते. हे नाव छापलेले नसते. ताण्याचा कोणता धागा कोणत्या वेळी वर उचलावा आणि कोणता खाली राहू द्यावा, याची आज्ञा मागाला एकामागून एक मिळत गेली आणि त्या आज्ञांच्या ओघात अक्षरे उमटली. ती आज्ञा कुणीतरी पुठ्ठ्यावर भोके पाडून लिहिली. लिहिणाराचे नाव चादरीवर नसते, आणि ते असावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु तीच चादर बिघडून निघाली म्हणजे पैसे कुणाच्या पगारातून कापले जातात, हे युनियनच्या कामात आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून या व्याख्यानासाठी आम्ही हा विषय घेतला. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘फर्मवेअर’ असे सांगितले, आणि ते जरा थबकले. कामगार चळवळीतल्या माणसाने संप, बोनस, पगारवाढ यांवर बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे. आज जे सांगणार आहोत त्यातही पगाराचा प्रश्न आहेच. तो शेवटी येईल.

प्रथम शब्दाचा अर्थ. संगणकाच्या लोखंडी-तांब्याच्या अंगाला हार्डवेअर म्हणतात आणि त्याला दिल्या जाणाऱ्या, हवा तेव्हा बदलता येणाऱ्या आज्ञांना सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मध्ये बसणारी एक वस्तू आहे. आज्ञाच, पण यंत्राच्या पोटात पक्की बसवून टाकलेली. तिला अॅशर ऑपलर या लेखकाने १९६७ साली फर्मवेअर हे नाव दिले. आज लिफ्ट, वीजमीटर, धुलाईयंत्र, रुग्णालयातले सलाईनचे पंप, या साऱ्यांच्या पोटात ती आहे. नाव १९६७ सालचे असले तरी वस्तू फार जुनी आहे, आणि सोलापुरात तर ती आपण मागाच्या डोक्यावर टांगलेली रोज पाहतो.

आपल्या गावाला माग नवा नाही. १८७७ साली जुनी मिल चालू झाली, तिच्याही आधीपासून येथे हातमाग खडखडत होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आपली भाषा सोबत आणली, आणि त्यांच्या घरांत मागाला मग्गम म्हणतात. लुगड्यांचे हे गाव पुढे चादरीचे आणि टॉवेलचे गाव झाले, आणि चादरीबरोबर जेकार्ड घरोघरच्या शेडमध्ये शिरले.

ज्यांनी ते जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मागाच्या वर एक मनोरा असतो. त्यात उभे हुक आणि आडव्या सुया. दर आडव्या धाग्याला एक चौकोनी लाट फिरते. चौकोनी असूनही तिला सिलिंडरच म्हणायचे. ती एक कार्ड सुयांवर आणून दाबते. भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिचा हुक जागच्या जागी राहतो आणि वर जाणारी पाती त्याला आपल्याबरोबर उचलते. त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. भोक नसेल तेथे पुठ्ठा सुईला मागे सारतो, हुक पातीवरून सुटतो आणि धागे खालीच राहतात. मग मधल्या वाटेने धोटा पलीकडे जातो. एक कार्ड, एक आडवा धागा. शेकडो कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ केलेली असते. माळ पुरी फिरली की नक्षी पुरी झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

ही माळ लिहिणारे कसबी वेगळे असत. नक्षी आधी चौकड्यांच्या कागदावर रंगवायची. एक चौकडी म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. मग पंचिंग करणारा तो कागद समोर टांगून, एकेक ओळ वाचत, दोन्ही हातांच्या बोटांनी बटणे दाबून आणि पायाने पावटा मारून कार्ड टोचत जाई. बाजाच्या पेटीसमोर बसावे तसा तो बसे. या यंत्राला इंग्रजीत पियानोच म्हणतात. चारशेच्या जेकार्डात एका वेळी आठ भोकांची एक ओळ टोचली जाते. संगणकवाले ज्याला बाईट म्हणतात त्यातही आठच घरे, प्रत्येक घरात होय किंवा नाही. हा योगायोगच समजावा, पण आमच्या ओळखीच्या एका वृद्ध पंचिंगवाल्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे आम्ही जन्मभर हेच करत होतो की!”

चूक झाली तर काय करायचे? नको तेथे भोक पडले तर त्यावर कागदाची टिकली चिकटवायची. हवे तेथे पडले नसेल तर हातपंचने पाडायचे. भोक पाडणे सोपे, बुजवणे कटकटीचे. ही गोष्ट लक्षात असू द्या.

खरे कसब मात्र चूक शोधण्यात होते, आणि याविषयी आम्हांस जरा विस्ताराने बोलायचे आहे. कापडावर दोष दिसला की जाणता माणूस लगेच मागाला हात लावत नसे. तो आधी कापड लांब पसरून पाही. दोष दर नक्षीत त्याच ठिकाणी, त्याच आडव्या धाग्यावर परत येतो काय? येत असेल तर कार्डात चूक आहे. माळेतले ते कार्ड मोजून काढायचे. दोष एकाच उभ्या रेषेत, नक्षी कोणतीही असो, वरपासून खालपर्यंत सलग चालतो काय? तर कार्डे निर्दोष आहेत. हुक झिजला आहे, सुई वाकली आहे किंवा दोरी तुटली आहे. आणि दोष कधी येतो, कधी जातो, आज येथे तर उद्या तेथे? मग प्रकरण अवघड. सिलिंडर सैल झाला असेल, पावसाळी हवेने पुठ्ठा फुगला असेल, नाहीतर मागाचा आणि जेकार्डाचा मेळ सुटला असेल. असल्या दोषासाठी उभे राहून वाट पाहावी लागते. या तीन प्रश्नांत, लिहिलेली आज्ञा चुकली, आज्ञा पाळणारे अंग चुकले, की दोघांचा मेळ चुकला, हे वेगळे होई. यात विणकराचा हात कोठे चुकला हा प्रश्न चौथा येई. पुष्कळ कारखान्यांत मात्र तो पहिला विचारला जातो.

ही विद्या आली फ्रान्सातल्या लियाँ गावाहून. तेथे रेशमी नक्षीच्या मागावर एक पोरगा बसून दोऱ्या ओढत असे. ते काम कागदाने करवून घेण्याची कल्पना १७२५ साली बाझील बूशाँ याने काढली. फाल्कोंने कागदाच्या जागी कार्डांची माळ आणली, व्होकांसोंने सुधारणा केल्या, आणि १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जेकार्ड याने त्या सर्वांची मोट बांधून चालेल असे यंत्र केले. नाव एकाचे राहिले. ते बहुधा असेच होते. लियाँचे विणकर १८३१ साली उठले आणि त्यांनी काही दिवस शहर ताब्यात घेतले, हे आमच्या चळवळीत पुष्कळदा सांगितले जाते. पण ते जेकार्ड मोडायला उठले होते असे जे सांगतात ते चुकतात. तंटा दराचा होता. तुकड्यामागे ठरलेला दर व्यापाऱ्यांनी पाळला नाही म्हणून ते रस्त्यावर आले. त्या वेळेपर्यंत जेकार्डावर पोट भरणारेच ते लोक होते.

लियाँत १८३९ साली जेकार्डाचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या घरी लावली होती. आकडेमोडीच्या यंत्राला कार्डांनी आज्ञा द्यावी ही कल्पना त्याने मागावरून उचलली. बॅबेजचे ते यंत्र पुरे झाले नाही. त्याची कथा इतरांनी पुष्कळ सांगितली आहे, म्हणून आम्ही ती येथे सोडतो आणि विणकामाकडेच परत येतो. कारण पुढे चंद्रावर जाताना माणसाने पुन्हा विणकामच केले.

अपोलो यानातल्या संगणकाची कायमची आज्ञा चिपेत नव्हती. ती तांब्याच्या तारेने विणलेली होती. लहान लहान चुंबकी कड्या एका चौकटीत मांडलेल्या. तार कडीतून गेली तर एक, कडीच्या बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेत मॅसाच्युसेट्स राज्यातील वॉल्थॅम गावी, रेथियॉन कंपनीच्या कारखान्यात, कामगार बायका समोरासमोर बसून सुईने ही तार ओवीत. कोणत्या छिद्रातून सुई घालायची ते एक यंत्र दाखवी, आणि त्या यंत्राला आज्ञा मिळे ती भोकांच्या फितीवरून! अशा ३६,८६४ शब्दांची आज्ञा त्यांनी ओवली. हे वॉल्थॅम म्हणजे तेच गाव, जेथे १८१४ साली कापूस आत घेऊन कापड बाहेर काढणारी अमेरिकेतील पहिली गिरणी चालू झाली होती. तार ओवायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि एकदा ओवल्यावर चूक दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य. म्हणून मार्गारेट हॅमिल्टन यांच्या हाताखालच्या लोकांना ओवण्यापूर्वी सारे पुन्हा पुन्हा तपासावे लागे. २० जुलै १९६९ रोजी यान चंद्रावर उतरत असताना संगणकावर कामाचा बोजा फार झाला आणि धोक्याची सूचना लागली. त्या विणलेल्या आज्ञेत अशा वेळी काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे हे आधीच लिहिले होते. संगणकाने बिनमहत्त्वाची कामे टाकली, उतरण्याचे काम चालू ठेवले.

पुढे तार गेली आणि चिप आली. १९७१ साली इंटेल कंपनीने एका चिपेवरचा संगणक विकायला काढला. त्याच साली तिथल्याच डोव्ह फ्रोमन यांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृतिचिप केली. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असे. नव्या चिपेत सगळीकडे एक. लिहिताना हवे तेथे शून्य करायचे. शून्याचा पुन्हा एक मात्र एकट्यादुकट्या घरात करता येत नसे. खिडकीतून पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाश पाडून सारी पाटी कोरी करावी लागे. भोक पाडणे सोपे, बुजवणे कटकटीचे, असे आम्ही म्हणालो ते हेच. लिहून झाल्यावर खिडकीवर कागदी पट्टी चिकटवीत, उजेडाने अक्षरे उडू नयेत म्हणून. जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी अशा चिपा पाहिल्या असतील. त्यानंतर विजेनेच पुसणारी आणि लिहिणारी चिप आली, आणि ती मंडळातून न उपटता तारेने लिहिता येऊ लागली.

या कामाची हत्यारे काय, असे आमच्या तरुण मंडळींना वाटत असेल. ती पंचिंगवाल्याच्या हत्यारांहून स्वभावाने फार वेगळी नाहीत. आज्ञा लिहायची मोठ्या संगणकावर, चालायची ती धाकट्या चिपेत. नक्षी कागदावर, विणायची मागावर, तसेच. मधे भाषांतर करणारा एक प्रोग्रॅम लागतो, तो पंचिंगच्या जागी. चिपेत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण. म्हणून कारागीर पहिली युक्ती करतो ती ही, की मंडळावरचा एक बारका दिवा आज्ञेच्या ठराविक टप्प्यावर लुकलुकेल असे लिहितो. दिवा लागला म्हणजे आज्ञा तेथवर पोचली. दुसरी युक्ती, दोन तारांवरून चिपेला बोलते करायचे: आता हे केले, आता ते केले, असे ती संगणकाच्या पडद्यावर लिहीत जाते. विजेच्या दाबासाठी मीटर. पण क्षणभराची उसळी मीटरला दिसत नाही, तिला ऑसिलोस्कोप लागतो. आठ-आठ तारांवरचे होय-नाही एकदम टिपून ठेवणारे लॉजिक अॅनालायझर नावाचे यंत्र असते. ते कापड पसरून पाहण्यासारखे आहे. आणि १९९० साली जेटॅग नावाचा एक सर्वमान्य नियम ठरला. त्याने चार-पाच तारा जोडून चिपेला अध्येमध्ये थांबवता येते आणि तिच्या पोटातले आकडे वाचता येतात. एके काळी यातले एकेक यंत्र लाखालाखाचे असे. आज त्याची कामचलाऊ धाकटी भावंडे एका पगारात येतात. १९८० साली निघालेली ८०५१ ही चिप तर आपल्याकडे तंत्रनिकेतनांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.

आणखी एक हत्यार आहे. त्याचा पूर्वज मागावरच सापडतो. जपानात साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला, तो धागा तुटला की आपोआप थांबे. वाईट कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यातला विचार. चिपेतही ‘वॉचडॉग’ नावाचे घड्याळ असते. चालू आज्ञेने त्याला ठराविक वेळात हटकले नाही तर ते समजते की आज्ञा कोठेतरी गुंतून पडली, आणि चिपेला पहिल्यापासून सुरू करते.

असे राखणे काढून टाकले म्हणजे काय होते त्याचे उदाहरण कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राचे आहे. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव त्यात काढले आणि सारा भरवसा प्रोग्रॅमवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण बसले. त्यांतले काही दगावले. कंपनी म्हणे, असे होणे शक्य नाही. १९८६ साली टेक्सासमध्ये टायलर गावच्या रुग्णालयात भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर हे यंत्र चालवणाऱ्या बाईजवळ बसले आणि त्या दोघांनी ती बाई त्या दिवशी ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने बटणे दाबत होती तीच पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. हात सरावल्याने ती फार भराभर दुरुस्त्या करी, आणि त्या वेगातच चूक प्रकट होत असे. चालवणारीच्या बोटांची आठवण नसती तर तो दोष सापडायला आणखी किती वेळ लागला असता कोण जाणे.

आता पगाराकडे येतो. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने नुकसानीपोटी पैसे कापायचे असतील तर दोन अटी घातल्या होत्या: नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असावे, आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. २०१९ च्या वेतन संहितेतही कामगाराला कारण दाखवण्याची संधी ठेवलेली आहे. पण म्हणणे मांडायचे कसे? कार्डाच्या काळात विणकर कापड पसरून दाखवी, भोक दाखवी, तंटा तेथेच मिटे. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बोनास कंपनीने १९८३ साली मिलानच्या प्रदर्शनात मांडले. तेव्हापासून ही माळ हळूहळू मागाच्या डोक्यावरून नाहीशी होऊन एका बंद पेटीत गेली. पेटीला कुलूप, आणि चिपेलाही आतून कुलूप लावता येते. मग तिच्यातील आज्ञा बाहेरून कोणी वाचू शकत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात टॉवेलवर मधूनच एखादी वेडीवाकडी ओळ येऊ लागली. व्यवस्थापनाने ठरवले की रात्रपाळीचा कामगार चुकीची कळ दाबतो, आणि दोन महिने त्याच्या पगारातून पैसे कापले. तो आमच्याकडे आला. आम्ही इंजिनिअर नव्हे; जे काही कळते ते रद्दीतली पुस्तके वाचून आणि लोकांना विचारून. म्हणून आम्ही त्या वृद्ध पंचिंगवाल्या मामांना घेऊन गेलो. त्यांनी पेटीकडे पाहिलेही नाही. टॉवेल पसरायला सांगितले. “ओळ त्याच जागी परत येते का रे?” नाही. “उभी रेघ आहे का?” नाही. “मग नक्षीत दोष नाही, हुकातही नाही. कधी येते ते लिहून ठेव.” कामगाराने शाळकरी वहीत महिनाभर वेळा लिहिल्या. दिवसपाळीच्या माणसानेही लिहिल्या. ओळी त्याच्याही पाळीत येत होत्या, फक्त कमी. वह्या शेजारी ठेवल्यावर दिसले की ओळ येते ती शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर चालू होतो त्याच सुमारास, आणि रात्री तो अधिक वेळा चालू-बंद होई.

मग तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका पोराने आपला ऑसिलोस्कोप आणून पेटीच्या विजेवर लावला. पाच व्होल्टचा दाब कॉम्प्रेसरच्या पहिल्या झटक्यासरशी क्षणभर पडत होता. चिप पुरती विझत नसे आणि पुरती जागीही राहत नसे. त्या गुंगीत ती एखादी ओळ भलतीच देई. दाब पडला तर काम थांबवून नव्याने सुरू व्हावे अशी सोय त्या जातीच्या चिपेत असते. येथे ती चालू केलेलीच नव्हती. यंत्र विकणाऱ्यांचा माणूस आला, त्याने आधी पुष्कळ नाकारले, मग पडद्यावरची आकृती पाहिली, आणि दुसऱ्या खेपेस नवी आज्ञा भरून गेला. आज्ञेत काय लिहिले आहे ते मात्र त्याने दाखवले नाही. पेटीला वेगळी वीज ओढून दिली. ओळी थांबल्या.

कापलेले पैसे परत मिळायला आणखी तीन महिने लागले. पुढच्या करारात आम्ही एक कलम घातले: नुकसानीपोटी पैसे कापण्यापूर्वी मागाच्या पेटीतील घटनांची नोंद, म्हणजे माग केव्हा थांबला, केव्हा वीज पडली, कोणती कळ केव्हा दाबली, ती कामगाराला आणि युनियनला दाखवावी. वाटाघाटीत व्यवस्थापनाच्या वकिलांनी विचारले, “ही नोंद वाचणार कोण?” आम्ही त्या पोराचे आणि मामांचे नाव सांगितले. दर रविवारी सकाळी ते दोघे युनियनच्या कचेरीत बसतात. एक जुने जेकार्ड, एक आठ दिव्यांचे मंडळ आणि चहाची किटली एवढे सामान आहे. गेल्या रविवारी चौदा जण आले होते. त्यांत तीन बाया होत्या, आणि त्यांतली एक वायंडिंग खात्यातली बाई पहिल्या तासातच दिवा लुकलुकवून मोकळी झाली.